एक जुलैचे दोन पेपर

"हा भाव कुठून आणला?"

माझ्या सगळ्या नोकरीत मी सर्वांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. इतक्यांदा विचारला, की घरात भाजी आली तरी तोंडातून तोच निघायचा. एकदा बायको वैतागून म्हणाली, "मेथी आहे ती, शेअर नाही. बाजारातून आणला भाव, जा विचारून या." आणि खरं सांगतो, मी चपला घालायला उठलोही होतो.

मी अंतर्गत लेखापरीक्षक होतो. सेलूत हे शब्द सांगितले की माणसं विचारायची, "म्हंजी सीआयडी का?" शेवटी मी एक सोपं उत्तर तयार केलं. बाहेरचा ऑडिटर म्हणजे जावई. वर्षातून एकदा येतो, मान घेतो, जेवतो, सही करून जातो. आतला ऑडिटर म्हणजे घरजावई. बाराही महिने तिथंच राहतो, सगळ्यांच्या खोड्या त्याला माहीत असतात आणि त्याचं तोंड कुणालाच बघवत नाही.

सेलूच्या ज्या तेलगिरणीत मी होतो तिथं सरकी आणि करडईचं तेल निघायचं. बँकेनं कर्ज देताना अट घातली होती, की गिरणीत एक आतला तपासणारा माणूस पाहिजे. मालक रतनशेठ यांनी ती अट मोठ्या नाखुषीनं पाळली आणि मला नेमलं. मी वाघमारे. आमचं घर बौद्ध. वडील येलदरी धरणाच्या बांधकामावर दगड फोडायला होते आणि मी त्याच धरणाच्या वसाहतीतल्या शाळेत शिकलो. बी.कॉम. झालेला आमच्यात मी पहिला. तो काळ विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचा होता. गावोगाव मनं दुभंगलेली होती आणि पेढीवर आलेला प्रत्येक माणूस माझं आडनाव ऐकून आधी माझ्याकडे आणि मग रतनशेठकडे बघायचा.

आता कामाकडे येतो. तेलगिरणीचा पैसा हंगामी असतो. जूनच्या सुमारास बहुतेक तेल विकलेलं असतं आणि नवी सरकी दिवाळीशिवाय येत नाही. मधल्या चार-सहा महिन्यांत मोकळी रक्कम शेठ कुठं बँकेत, कुठं सरकारी फंडाच्या युनिटांत, थोडी शेअरांत घालून ठेवायचे. हिला अल्पमुदतीची गुंतवणूक म्हणतात. वर्षाचा ताळेबंद आमच्याकडे तीस जूनचा असायचा (सगळ्या कंपन्यांना मार्चअखेर सक्तीची झाली ती नंतर). त्या दिवशी या गुंतवणुकीची किंमत किती धरायची, हे ठरवताना नियम साधा होता. विकत घेतली ती किंमत आणि त्या दिवसाचा बाजारभाव, यांतली जी कमी ती धरा. भाव वाढला असेल तर आत्ताच खुश होऊ नका. पडला असेल तर आत्ताच कबूल करा. ती किंमत बरोबर धरली आहे की नाही, हे बघणं माझ्याकडे.

ऐकायला सोपं वाटतं. पण पहिल्याच वर्षी मी शेअरांचे दाखले बघायला मागितले, तेव्हा गिरणीचे हिशेब सांभाळणाऱ्या मुनीमजींनी तिजोरीतून दाखल्यांची एक थाळी काढली. काही शेअर दिवाळीनंतरही तसेच राहायचे, आणि लक्ष्मीपूजनाला त्यांचे दाखले देवापुढं मांडायची गिरणीची रीत होती. प्रत्येक दाखल्यावर हळदीकुंकवाचं बोट उमटलेलं, आणि ते नेमकं नंबरावर. बोटभर कुंकवाखाली आठ आहे की तीन, हे मी भिंगातून अर्धा दिवस बघत बसलो. शेवटी कंपनीला पत्र लिहून नंबर मागवले. पुढच्या वर्षी मी विनंती केली, की पूजा जरूर करा, फक्त कुंकू वरच्या डाव्या कोपऱ्यात लावा. रतनशेठ म्हणाले, "देवीला कोपऱ्यात बसवायचं का?" पण पुढच्या दिवाळीपासून कुंकू डाव्या कोपऱ्यात लागलं.

युनिटांचंही तसंच. युनिटाला दोन भाव असतात. तुम्ही घ्यायला गेलात तर एक, परत द्यायला गेलात तर दुसरा, आणि दुसरा नेहमी कमी. गिरणीचे एक संचालक दरवर्षी पहिला भाव लावून हिशेब करायचे आणि दरवर्षी माझ्याशी भांडायचे. ते मूळचे सोनपेठचे, बैलांचे मोठे शौकीन. एकदा मी विचारलं, "सोनपेठच्या बाजारात तुमचा बैल तुम्ही किती सांगता?" ते म्हणाले, "चार हजार." "आणि सुटतो कितीला?" ते गालात हसले. म्हणाले, "तीन हजार लय झाले." मी म्हटलं, "मग गोठ्यात बांधलेल्या बैलाची किंमत तीन हजार धरायची. चार हजार ही तुमची हौस." त्यानंतर त्यांनी वाद घातला नाही. मात्र मला पाहिलं की म्हणायचे, "आला बैलवाला."

असं हे मजेचं काम होतं. वस्तू खरी आहे का, आपली आहे का आणि तिची किंमत त्या दिवशी काय होती, एवढंच शोधायचं. मला त्याचं वेड होतं. कुतूहल हेच माझं भांडवल, असं मी अभिमानानं सांगत असे. त्याच कुतूहलानं एकदा ऐन वेळी दगा दिला, ती गोष्ट सांगायला हा लेख लिहितो आहे.

मुनीमजी म्हणजे भुजंगराव कदम. पांढरं धोतर, काळी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. रतनशेठच्या वडिलांपासून गिरणीत होते. निजामाच्या काळातलं शिक्षण, तेही उर्दूतून. मराठी नंतर शिकले, त्यामुळं त्यांचं मराठी अक्षर थोडं बिचकत चालायचं आणि सही मात्र उर्दूत झोकदार यायची. मी नवा असताना जुन्या दप्तरांतले उर्दू मथळे त्यांनीच मला वाचायला शिकवले. ते मला नुसतं 'वाघमारे' म्हणायचे. बाकीचे लोक माझ्या आडनावापाशी जरा अडखळत. हे गृहस्थ ते सरळ उच्चारायचे आणि पुढं कामाचं बोलायचे. मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी त्यांच्याच सल्ल्यानं शेठनी एका मोठ्या कापड कंपनीचे शेअर घेतले होते, एकशे बारा रुपयांनी. जूनअखेरच्या यादीत मुनीमजींनी बाजारभाव लिहिला एकशे चौदा, आणि पुढं आधार म्हणून 'एक जुलैचा पेपर' अशी नोंद केली. पेपराचं नावही लिहिलं होतं. एक जुलैच्या पेपरात तीस जूनचे भाव येतात, तेव्हा आधार बिनचूक होता. एकशे चौदा म्हणजे खरेदीपेक्षा जास्त. नुकसान काही नाही.

योगायोग असा, की त्या एक जुलैला मी गिरणीच्या कामासाठी मुंबईत होतो. सकाळी तोच पेपर विकत घेतला होता आणि सवयीनं भावांचं पान कापून ठेवलं होतं. ऑगस्टमध्ये यादी हातात आली तेव्हा मी कात्रण काढलं. त्यात भाव होता एकशे तीन. तीस जूनला बाजारात कसली तरी अफवा उठली होती आणि तो शेअर एका दिवसात आपटला होता. म्हणजे प्रत्येक शेअरमागं नऊ रुपयांचं नुकसान दाखवायला हवं होतं.

पेपर तोच, तारीख तीच, शेअर तोच, आणि भाव दोन. मी मुनीमजींना विचारलं, "हा भाव कुठून आणला?"

"पेपरातून. लिवलंय की तिथं."

"तो पेपर कुठं आहे?"

"ऱ्हातो का आता? डब्याखाली गेला आसंल."

गिरणीत तेलाच्या डब्यांखाली जुने पेपर अंथरायची पद्धत होती. दोन महिन्यांत त्या अंकाचा लगदा झालेला असणार. मी कात्रण पुढं केलं. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं, तारीख बघितली, मागची बाजू बघितली आणि परत दिलं. म्हणाले, "ह्ये काय हाय मला कळंना. मी वाचलं त्ये लिवलं."

माझ्या डोक्यात मात्र सगळं झटक्यात जुळलं. शेअर यांच्या सल्ल्यानं घेतलेले. भाव पडला हे शेठला कळू नये म्हणून मागच्या कुठल्यातरी दिवसाचा आकडा टाकला. पेपर नष्ट झाला, तेव्हा पकडणार कोण? मला तेव्हा तिशीसुद्धा लागली नव्हती. कुणाला तरी पकडल्याचा आनंद झाला, हे कबूल करायला हवं. अहवालात मी शेरा लिहिला. लिहिताना शब्द शोधायला लागला नाही. आमच्याकडे निजामाच्या कचेऱ्यांनी मागं ठेवलेले शब्द जिभेवर तयार असतात. मी लिहिलं, 'सदर भाव फर्जी आहे.'

रतनशेठनी अहवाल पेढीवर सगळ्यांदेखत मोठ्यानं वाचला. मुनीमजी गादीवर बसले होते. तो शब्द आला तसे ते उठून उभे राहिले.

"शेठ, चूक म्हना. धा डाव म्हना. मी ऐकून घ्येतो. फर्जी म्हनू नका."

मी म्हटलं, "मुनीमजी, पेपर समोर आहे."

ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुमाला ह्यो शब्द ठाव न्हाई. आमच्या वख्ताला खोट्या नावावर जमिनी चढवायचे, त्याला फर्जी म्हनायचे. चूक आकड्यात ऱ्हाती. फर्जी मानसात ऱ्हाती."

त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी मला 'साहेब' म्हटलं. शेठनी हात पुढं केला. मुनीमजींनी कमरेचा जुडगा सोडला आणि गादीवर ठेवला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना फाटकाजवळच्या वजनकाट्यावर बसवलं. पुढच्या गुढीपाडव्याला ते निवृत्त होणार होते. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर ते फर्जी मुनीम म्हणून घरी जाणार होते.

सेलूत बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो? पण ती पसरली ती वेगळ्याच रूपात. काही लोक म्हणाले, वाघमाऱ्यानं कदमांवर डाव साधला, नामांतराचा राग काढला. ते ऐकून मी पेटलोच. आमच्या वस्तीतला एकजण पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरं केलंस, एकाला तरी दाखवलंस." ते ऐकून मात्र मला कसंसंच झालं. मी तर एका शेअरचा भाव तपासला होता, आणि ही माणसं त्यातून भलतंच काही वाचत होती. पण माझा आकडा बरोबर होता. बाहेरच्या ऑडिटरांनीही एकशे तीनच धरला. मी मान वर करून फाटकातून आत जायचो. मुनीमजी काट्यावरून म्हणायचे, "नमस्कार, साहेब." त्यापलीकडे एक शब्द नाही.

जानेवारीत मी बहिणीकडे मुंबईला गेलो होतो. परतताना तिनं आईसाठी लोणच्याची बरणी दिली, पेपरात गुंडाळून, सुतळीनं बांधून. येलदरीला आईकडे जायचं म्हणून मी सकाळी देवगाव फाट्यावर उतरलो. जिंतूरची गाडी नुकतीच गेली होती. हॉटेलात बसलो आणि पिशवीत हात घातला तर तेल. बरणी गळत होती. हॉटेलवाल्याला म्हटलं, "एखादा जुना पेपर द्या हो." त्यानं खिळ्याला अडकवलेला परवाचा अंक काढून दिला.

मी बरणीवरचा तेलकट पेपर सोडला आणि नवा गुंडाळायला घेतला. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी पडले होते. दोन्ही मुंबईचेच. नाव एक. तारीख एक. आणि पहिल्या पानावरच्या मोठ्या बातम्या निराळ्या.

लोणचं राहिलं बाजूला. मी आधी तारखा पुन्हा वाचल्या. मग पानं उलटत भावांच्या पानावर आलो. बहिणीच्या पेपरात एका शेअरचा भाव होता त्रेसष्ट, फाट्यावरच्या पेपरात साठ. दुसऱ्याचा वेगळा. तिसऱ्याचाही. हाताला तेल लागलेलं तसंच राहिलं.

फाट्यावर पेपरांची पुडकी उतरवून घेणारे हमीदभाई शेजारीच गठ्ठे सोडत होते. सेलूचे वेगळे, जिंतूरचे वेगळे, असे ढीग लावत होते. मी दोन्ही अंक त्यांच्यापुढं धरले.

"हमीदभाई, हे काय आहे? एकाच तारखेचे दोन पेपर?"

त्यांनी नजर टाकली आणि हसले. "साहब, येवढं शिकलाव आन् ह्ये ठाव न्हाई? ह्यो शहराचा, आन् ही डाक. आपल्याकडं डाक येती."

"डाक म्हणजे?"

"लांबच्या गावाला सकाळी पेपर पायजे ना? मग आदल्या दिवशी लवकरच छापून गाडीत टाकत्यात. तारीक दुसऱ्या दिवसाची टाकत्यात, न्हाई तर गिऱ्हाईक म्हनंल शिळा हाय. शहराचा मागाहून छापत्यात. त्याच्यात ताज्या बातम्या."

"आणि भाव?"

"कशाचे भाव? शेरचे? त्ये मला काय ठाव? पर पान आधीच बांधून ठिवलेलं आसतंय म्हनं. तर शिळेच आसनार की."

म्हणजे एक जुलैच्या मुंबईच्या अंकात तीस जूनचे भाव होते. आणि सेलूला आलेल्या एक जुलैच्याच अंकात एकोणतीस जूनचे. अफवा उठायच्या आधीचे.

जिंतूरची पुढची गाडी आली. मी तिच्यात बसलो नाही. लोणच्याची बरणी हॉटेलवाल्याकडे ठेवली आणि उलट सेलूची गाडी धरली. अजून एक गोष्ट तपासायची बाकी होती. एका दिवसाच्या दोन अंकांवरून जुलैचं सिद्ध होत नाही. आमच्या वाचनालयात वर्षभराच्या पेपरांची फाईल ठेवायचे. ग्रंथपालांनी जुलैची फाईल काढून दिली. एक जुलै, भावांचं पान, कापड कंपनी. एकशे चौदा.

वाचनालय गिरणीपासून पायी पाच मिनिटांवर होतं. ऑगस्टमध्येही ती फाईल तिथंच होती. मला कुंकवाखालचा आकडा अर्धा दिवस शोधता आला होता, पण पाच मिनिटं चालून इथं येता आलं नव्हतं. कारण माझ्या हातातला पहिला पुरावा माझ्या सोयीचा होता. मग दुसरा मागायचं कुतूहलच उरलं नाही. आजही हे आठवलं की मला माझीच लाज वाटते.

खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. आकडा एकशे तीन हाच बरोबर होता. ताळेबंद तीस जूनचा, तेव्हा भावही तीस जूनचाच. माझा हिशेब कुठंच चुकला नव्हता. चुकला होता तो एक शब्द. मी गप्प बसलो असतो तर कुणाला कधी कळलं नसतं. आणि बोललो असतो तर? त्या दिवसांत माझ्यासारख्या माणसाची चूक त्याच्या एकट्याची धरली जात नव्हती. माझ्यामागून ज्या पोरांना नोकऱ्या मागायच्या होत्या त्यांच्या नावावरही ती चढली असती. 'बघा, म्हणून यांना तपासायला बसवू नये', हे वाक्य मला आधीच ऐकू येत होतं. मी घाबरलो होतो, हे सरळ सांगतो. तीन दिवस मी काट्यासमोरून जाताना खाली बघून गेलो.

चौथ्या दिवशी मुनीमजी नेहमीप्रमाणं म्हणाले, "नमस्कार, साहेब." मला ते 'साहेब' सहन झालं नाही. मी जागेवर जाऊन पुरवणी अहवाल लिहायला घेतला.

रतनशेठनी तो वाचला, दोन्ही अंक बघितले आणि चष्मा काढला. "वाघमारे, आकडा तर तुमचाच बरोबर निघाला. गिरणीचं काही बिघडलं नाही. मग हा कागद कशाला? लोक म्हणतील ऑडिटरच चुकतो."

"चुकलाच आहे, शेठ. तो शब्द तुम्ही सगळ्यांदेखत वाचला होता. हेही सगळ्यांदेखत वाचा."

"मी नाही वाचणार. तुमचं तुम्ही वाचा."

मुनीमजींना काट्यावरून बोलावलं. पेढीवर मागच्या वेळची सगळी माणसं होती. मुनीमजी गादीवर बसले नाहीत, दारातच उभे राहिले. मी उभा राहून वाचायला लागलो. मुंबईचा अंक, डाकेचा अंक, वाचनालयातली फाईल, सगळं वाचलं. शेवटी वाचलं, 'फर्जी हा शब्द मी मागे घेतो. तो लिहिण्यापूर्वी मी पुरेशी चौकशी केली नाही. सदर शेरा रद्द समजावा.'

मुनीमजींनी कागद मागून घेतला, स्वतः वाचला. मग वर बघितलं.

"आकडा कितीचा ऱ्हानार?"

"एकशे तीन, मुनीमजी. ताळेबंद ज्या दिवसाचा, भाव त्या दिवसाचा."

"मंग माझा एकशे चौदा चुकला का न्हाई?"

"...चुकला."

"तसं लिवा की. तुमी तर सगळा शेराच रद्द करायलाव. माझी चूकबी पुसून टाकायलाव." त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला आणि बोटानं जागा दाखवली. "हितं लिवा. मुनीमानं डाकेच्या अंकातला भाव धरला, ही चूक. भाव फर्जी नव्हता. बस. मला माफीबिफी नको. चूक ती चूक लिवा आन् फर्जी ती फर्जी लिवा."

मी त्यांनी सांगितलं तसं, शब्दाला शब्द लिहिलं. त्याखाली त्यांनी आपली झोकदार उर्दू सही केली. माझ्या सबंध नोकरीत माझ्या शेऱ्याखाली खुशीनं सही करणारा हा एकच माणूस.

शेठनी किल्ल्यांचा जुडगा पुढं सरकवला. मुनीमजींनी तो घेतला, कमरेला बांधला आणि म्हणाले, "काट्यावर दोन गाड्या हायत. तेवढ्या मोजून येतो." आणि ते उन्हात निघून गेले.

त्यांनी मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. पाडव्याला निवृत्त होईपर्यंत ते मला 'साहेब'च म्हणत राहिले. निरोपाच्या दिवशीसुद्धा. लोकांनी माझ्याबद्दल जे बोलायचं ते बोललंच. पण त्यानंतर मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं, तिथं भावाच्या रकान्याशेजारी एक जादा रकाना पाडला. अंक शहराचा की डाकेचा. नव्या पोरांना तो रकाना कशासाठी ते कळायचं नाही. मी सांगायचो, आधी भरा, मग गोष्ट सांगतो. आणि 'फर्जी' हा शब्द मी पुन्हा कधी लिहिला नाही. दोनदा लिहायची पाळी आली होती, तेव्हाही आधी स्वतः पायी चालून खात्री केली आणि मग दुसरा शब्द वापरला.

पुढं बरीच वर्षं गेली. मी तोवर परभणीला राहायला आलो होतो. विद्यापीठाच्या नामविस्ताराचा निर्णय झाला त्या दिवसांतली गोष्ट. बातमी आम्ही रेडिओवर ऐकली. वस्तीत लोक एकमेकांना मिठ्या मारत होते. मी मात्र सवयीचा गुलाम. सकाळी पेपर उघडला तर त्यात ती बातमीच नाही. डाकेचा अंक. मला हसूही आलं आणि उगाच धाकधूकही वाटली. इतकी वर्षं वाट बघितलेली गोष्ट, आणि कागदावर अजून उतरलेली नाही.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी दुपारी दारात भुजंगराव. ऐंशीच्या घरातले, हातात काठी, खांद्याला पिशवी. मुलीकडे मुंबईला गेले होते, तिथून गावाकडे जाताना परभणीला उतरले होते. मी त्यांना हात धरून आत आणलं. बायकोनं चहा टाकला. बसल्यावर त्यांनी पिशवीतून दोन पेपर काढले आणि माझ्यापुढं शेजारी शेजारी मांडले.

"ही डाक. ष्टँडवर घेतली, शिलकीत पडली व्हती. हिच्यात न्हाई." मग दुसऱ्या अंकावर बोट ठेवलं. "आन् ह्यो मुंबईचा. ह्याच्यात पयल्या पानावर हाय. तारीक एकच हाय, बघून घ्या. म्हनलं, ह्यो मानूस दोन्ही बघितल्याबिगर इस्वास ठिवायचा न्हाई."

माझे डोळे भरून आले होते, आणि त्या म्हाताऱ्यासमोर ते पुसायचीही मला लाज वाटत होती. काहीतरी बोलायचं म्हणून जुन्याच सवयीनं विचारलं, "मग मुनीमजी, यातला कुठला धरायचा?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"ज्या दिवसाचा ताळेबंद, त्या दिवसाचा भाव. तुमीच शिकिवलंय की, वाघमारे."

आणि त्यांनी डाकेच्या अंकाची घडी करून ती चहाच्या कपाखाली घातली.